रिपोर्टवर छापलेले ‘नॉर्मल’ कोणाचे?

समजा, सहा वर्षांचा मुलगा आहे. उंची ११० सेंटिमीटर. झाशीच्या एखाद्या लॅबमधून रक्ताचा रिपोर्ट आला आहे. क्रिएटिनिन १.२, शेजारच्या रकान्यात मर्यादा छापलेली ०.७ ते १.३. आकड्यापुढे तारा नाही, ठळक अक्षर नाही. दोन ओळी खाली फॉस्फरस ५.२, त्यापुढे मात्र ‘एच’ आणि तारा. त्याखाली अल्कलाइन फॉस्फेटेज ३००, तिथेही तारा. आई-बाबा साहजिकच ताऱ्यांना घाबरतात आणि क्रिएटिनिनकडे पाहून सुटकेचा श्वास सोडतात.

या कागदावर खरी काळजीची गोष्ट बिनताऱ्याचीच आहे. मुलांच्या किडनीचे काम किती चालते, हे काढायचा एक सोपा हिशेब आहे: उंचीचे सेंटिमीटर गुणिले ०.४१३ आणि त्याला क्रिएटिनिनने भागायचे. २००९ पासून जगभरचे बालकिडनीतज्ज्ञ तो वापरतात. इथे उत्तर येते सुमारे ३८. निरोगी मुलात ते ९० च्या वर असते. म्हणजे या मुलाची किडनी निम्म्याहून कमी काम करते आहे आणि हे असेच टिकून राहिले तर ती दीर्घकालीन किडनीविकाराच्या तिसऱ्या टप्प्यात मोडते. उलट ५.२ फॉस्फरस सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चालण्यासारखा आहे, कारण त्या वयाची मर्यादा ३.६ ते ५.८ आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज तर वाढत्या हाडांतून रक्तात येतेच. मुलांमध्ये ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे.

घोळ मर्यादेच्या रकान्यात आहे. अनेक लॅबच्या संगणकात तिथे प्रौढांचे आकडे बसवलेले असतात आणि मुलाचे वय वर लिहिलेले असूनही ते बदलत नाहीत. म्हणून किडनीचा आजार असलेल्या मुलाच्या घरात पहिली सवय हीच लावायची: छापील ‘नॉर्मल’कडे पाहण्याआधी ते कोणत्या वयाचे, हे विचारायचे. फॉस्फरसची मर्यादा एक ते पाच वर्षांसाठी ४.५ ते ६.५, तर तेरा वर्षांच्या पुढे २.३ ते ४.५. तान्ह्या बाळात ती ८ च्याही वर जाते. म्हणून एकाच मुलाचा ५.२ हा आकडा तिसऱ्या वर्षी ठीक आणि पंधराव्या वर्षी जास्त ठरतो. उलट चूकही होते. दोन वर्षांच्या मुलाचा फॉस्फरस ३ आला तर प्रौढांच्या रकान्यात तो बिनताऱ्याचा निघून जातो, पण त्या वयाला तो कमी आहे.

किडनी बिघडली की हाडांचे का बिनसते? शरीराला वापरता येईल असे ड जीवनसत्त्व प्रामुख्याने किडनीतच तयार होते; हे १९७० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले. जादा फॉस्फरस बाहेर टाकण्याचे कामही किडनीचेच. ती थकू लागली की हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचे हार्मोन जास्त सोडतात आणि उरल्यासुरल्या किडनीकडून फॉस्फरस बाहेर काढून घेतात. पण याच हार्मोनमुळे सक्रिय ड जीवनसत्त्व आणखी घटते. मग अन्नातले कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे हार्मोन वाढवतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताची पातळी सांभाळते. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम आणि फॉस्फरस बराच काळ ठीक दिसतात, आणि त्याची किंमत हाडे मोजत असतात. किडनीविकाराच्या दुसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या मुलांच्या हाडांचे तुकडे काढून तपासलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दुसऱ्या टप्प्यातच जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या मुलांच्या हाडांत खनिज नीट बसत नसल्याचे दिसले होते. त्या टप्प्यात मूल खेळते, शाळेत जाते, कुणाला काही कळत नाही.

म्हणूनच केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की प्रौढांमध्ये या तपासण्या तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करा, मुलांमध्ये दुसऱ्यापासूनच. तिसऱ्या टप्प्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस सहा ते बारा महिन्यांनी, चौथ्यात तीन ते सहा महिन्यांनी, पाचव्यात एक ते तीन महिन्यांनी. पीटीएच चौथ्यात सहा ते बारा महिन्यांनी, पाचव्यात तीन ते सहा महिन्यांनी. हा सर्वसाधारण हिशेब झाला. औषध बदलले किंवा आकडा हलला की डॉक्टर लवकर बोलावतात. तान्ह्या मुलांना तर जास्तच वेळा, कारण ती झपाट्याने वाढत असतात.

आता एकेक तपासणी. कॅल्शियमची चिठ्ठी येते तेव्हा सोबत अल्ब्युमिनही हवे. रक्तातले जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेले असते. नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलांच्या लघवीतून प्रथिने जातात, अंगावर सूज येते आणि कॅल्शियमचा आकडा उगाच खाली दिसतो. ढोबळ दुरुस्ती अशी: अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढे कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायचे. कॅल्शियम ७.८ आणि अल्ब्युमिन २ असेल तर खरा आकडा ९.४ च्या आसपास. शंका असेल तर आयनीकृत कॅल्शियम मोजणे सर्वांत खात्रीचे. अशाच मुलांमध्ये ड जीवनसत्त्वही कमी निघते, कारण त्याला वाहून नेणारे प्रथिन लघवीतून निसटते.

ड जीवनसत्त्वाच्या दोन तपासण्या असतात आणि इथे खिशाला चाट बसते. हवी असते ती २५-हायड्रॉक्सी. शरीरातला साठा तीच सांगते; युरोपातल्या बालकिडनीतज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशीनुसार तो ३० नॅनोग्रॅमच्या वर असावा. काही लॅब हा आकडा नॅनोमोलमध्ये देतात, तेव्हा तोच ३० हा ७५ होतो. लखनौचा एक आणि दिल्लीचा एक असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले आणि एकके पाहिली नाहीत, तर मुलाचे जीवनसत्त्व तीन महिन्यांत अडीच पट वाढल्याचा साक्षात्कार होतो. दुसरी तपासणी १,२५-डायहायड्रॉक्सी. ती महाग असते आणि नेहमीच्या उपचारात बहुधा तिची गरज पडत नाही. हाडांच्या ‘पॅकेज’मध्ये ती असेल तर डॉक्टरांना विचारून मगच पैसे भरावेत. एफजीएफ-२३ चेही तसेच. सर्वांत आधी तेच वाढते हे खरे, पण त्यावरून औषध ठरवण्याची पद्धत अजून रोजच्या व्यवहारात आलेली नाही.

पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे दोन आकडे मात्र जोडीनेच वाचायचे. पीटीएच सांगते की ग्रंथी हाडांना किती हाका मारते आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज सांगते की हाड त्या हाकेला किती ओ देते आहे. दोन्ही चढत चालले असतील तर हाडाची मोडतोड वेगाने सुरू आहे. पीटीएच थोडे वर, पण अल्कलाइन फॉस्फेटेज वयाच्या मानाने ठीक, असे असेल तर डॉक्टर बहुधा औषध न वाढवता पुढच्या आकड्याची वाट पाहतात. यकृताचा काही त्रास असेल तर अल्कलाइन फॉस्फेटेज तिकडूनही वाढते. म्हणून यकृताच्या बाकीच्या तपासण्या सोबत लागतात. आणि एकट्या पीटीएचवर भरवसा किती ठेवायचा? निरोगी माणसात त्याची वरची मर्यादा साधारण ६५, पण कंपनीगणिक किट बदलते आणि त्याच रक्ताचा आकडा दोन लॅबमध्ये बराच वेगळा येऊ शकतो. म्हणून केडिगो एका आकड्यापेक्षा चढउतार पाहायला सांगते. घरच्यांनी त्यासाठी एवढेच करायचे, की शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये जायचे.

पीटीएच कमी झाले म्हणजे छान झाले, असेही नाही. कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल (सक्रिय ड जीवनसत्त्वाचे औषध) यांचा मारा जास्त झाला तर ग्रंथी गप्प बसते, हाडाचे नूतनीकरण थंडावते आणि हाडाला नको झालेले कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसते. २००० मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या ३९ मुलांची आणि तरुणांची हृदयाची चित्रे काढली गेली. विशीच्या आतल्या २३ जणांपैकी एकाच्याही धमन्यांत चुना नव्हता. वीस ते तीस वयाच्या १६ पैकी १४ जणांच्या धमन्यांत तो सापडला. एवढ्या लहान वयाच्या धमन्या. तेव्हापासून मुलांचे कॅल्शियम त्यांच्या वयाच्या मर्यादेत ठेवण्यावर डॉक्टर इतके अडून बसतात, आणि ते बरोबरच आहे.

दुर्लक्ष होते ते बायकार्बोनेटकडे. रक्तात आम्ल साचले की हाड स्वतःचा क्षार देऊन ते शमवते आणि झिजते. मुलाची उंचीही अडते. आकडा २२ च्या वर हवा. उपचार सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांचा, म्हणजे यादीतला सर्वांत स्वस्त. चव खारट म्हणून मुले थुंकतात आणि घरात सगळ्यात आधी तीच गोळी सुटते.

नमुना कसा घेतला, यावर अर्धा रिपोर्ट अवलंबून असतो. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सकाळी सुईने काढलेले रक्त जर दुपारपर्यंत टेबलावर राहिले आणि संध्याकाळी कुरियरने बाहेरगावी गेले, तर लाल पेशी फुटून त्यांच्यातला फॉस्फरस आणि पोटॅशियम बाहेर येतात. रिपोर्टमध्ये दोन्ही वाढलेले दिसतात. मुलात नव्हे, काचेच्या नळीत वाढलेले. पीटीएचचे उलटे: साध्या नळीत उष्णतेने ते विरत जाते आणि आकडा खोटा कमी येतो. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत ते जास्त काळ टिकते. म्हणून रक्त देण्यापूर्वी काउंटरवर तीन प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. नमुना इथेच तपासणार की बाहेर पाठवणार? बाहेर पाठवणार असाल तर फिरवून प्लाझ्मा वेगळा करण्याचे यंत्र इथे आहे का? पीटीएच कोणत्या नळीत घेता, बर्फात ठेवता का? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी लॅब पाहावी. दंडाला पट्टा आवळून बराच वेळ शीर शोधली तर कॅल्शियमही उगाच वाढते. लहान मुलांत हे नेहमीचे. फॉस्फरस दिवसभर खालीवर होत असल्याने दरवेळी साधारण त्याच वेळी रक्त द्यावे. डायलिसिस चालू असेल तर ते सुरू होण्याआधी. केस-नखांसाठी मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या मूल घेत असेल तर ते सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएच खोटे कमी दिसते.

या भागात आणखी एक गल्लत वारंवार होऊ शकते. गुडघे आत वळलेले, मनगटे जाड झालेली, चालताना मूल डुलते. घरातल्या आजी म्हणतात मुडदूस आहे, गावचा डॉक्टरही तेच म्हणतो, आणि ड जीवनसत्त्वाचे ६ लाख युनिटचे इंजेक्शन दिले जाते. पाय सरळ होत नाहीत म्हणून दुसरे. मुडदूस आपल्याकडे असतोच, त्यामुळे अंदाज बरोबर निघण्याचीही शक्यता असते. पण किडनीच्या आजाराने हाडे अशीच वाकतात, हे १८८३ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. इंजेक्शनाआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या चार साध्या तपासण्या केल्या तर वाट स्पष्ट होते. साध्या मुडदुसात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले, फॉस्फरस कमी किंवा बेताचा आणि क्रिएटिनिन वयाला धरून. क्रिएटिनिन वाढलेले आणि फॉस्फरसही वर, तर दोष किडनीत. फॉस्फरस सतत खूप कमी आणि कॅल्शियम-क्रिएटिनिन ठीक, तर फॉस्फरस लघवीतून गळण्याचा आनुवंशिक आजार असू शकतो, आणि त्याला ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने लागू पडत नाहीत. किडनीचा आजार असलेल्या मुलाला ड जीवनसत्त्वाचा एकदम मोठा डोस देऊ नये, असे युरोपीय शिफारशीही सांगतात.

बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट खडकाची भर वेगळीच. काही गावांच्या हातपंपांत आणि विहिरींत फ्लोराइड जास्त असते; त्यानेही दातांवर डाग पडतात आणि हाडे वाकतात. अंगातले फ्लोराइड किडनीवाटे बाहेर जाते, त्यामुळे किडनी कमकुवत असलेल्या मुलाच्या हाडांत ते इतरांपेक्षा जास्त साचते. घरातल्या दोन-तीन मुलांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे असतील तर डॉक्टरांना पाण्याचा स्रोत सांगावा आणि पाणी तपासून घ्यावे.

मुलग्यांच्या बाबतीत आईने एक प्रश्न स्वतःला विचारावा: लघवीची धार बारीक आहे का, थेंबथेंब होते का, जोर करावा लागतो का? जन्मतः मूत्रमार्गात पडदा असणे हे मुलग्यांत किडनी खराब होण्याचे मोठे कारण आहे. शाळा-अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुडदूसही तपासते. त्यांनी गुडघ्यांवर बोट ठेवले असेल तर ती चिठ्ठी कपाटात न ठेवता महारानी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग विभागात न्यावी आणि क्रिएटिनिन आवर्जून मागावे.

औषधांच्या वेळा हा घराघरांतला वादाचा विषय. कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेव्हेलॅमर ही फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे घासांबरोबरच घ्यायची, कारण त्यांचे काम पोटातल्या अन्नावर आहे. जेवणानंतर तासाभराने ‘आता आठवले’ म्हणून दिलेली कॅल्शियमची गोळी फॉस्फरस बांधत नाही, रक्तातले कॅल्शियम मात्र वाढवते. शाळेच्या डब्याबरोबर गोळी जायला हवी आणि ते वर्गशिक्षिकेला माहीत हवे. पित्तावर मिळणाऱ्या पातळ औषधांत ॲल्युमिनियम असू शकते. ते या मुलांच्या हाडांत साचते, म्हणून विचारल्याशिवाय देऊ नये. भस्मांच्या पुड्यांचेही तेच.

जेवणाबाबत घाबरून सगळे तोडणे हा दुसरा अपराध. वाढत्या मुलाला प्रथिने हवीत, कॅल्शियमही हवे. फॉस्फरस सगळीकडे सारखा लागत नाही: डाळी-धान्यांतला निम्म्याच्या आसपास शोषला जातो, तर कोला, पाकीटबंद चीज, तयार मांसाचे पदार्थ यांत मिसळलेली फॉस्फेटे जवळपास सगळी. म्हणून कात्री आधी पाकिटांना लावायची, वरणाला नाही. दुधाचे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील. खव्याचा हिशेब मात्र घरीच करता येतो: किलोभर खव्यासाठी चार-पाच लिटर दूध आटवावे लागते, म्हणजे एका पेढ्यात फॉस्फरस कितीतरी दाट होतो. झाशीच्या मराठी घरांत गणपतीत माव्याचा प्रसाद दहा दिवस चालू असतो. किडनीचा आजार असलेल्या मुलाला उकडीचा मोदक द्यावा, माव्याचा टाळावा, आणि उत्सवाच्या आठवड्यात फॉस्फरस तपासायला जाऊन स्वतःला घाबरवून घेऊ नये.

रक्ताइतकीच महत्त्वाची आहे ती भिंतीवरची उंचीची रेघ. दर तीन महिन्यांनी उंची मोजून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या तक्त्यावर खूण करावी. २०१५ च्या या तक्त्यांमागे पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचे काम आहे. उंची वर्षभर जागची हलली नाही, तर आकडे कितीही गोजिरे असोत, बालकिडनीतज्ज्ञांना दाखवायचे. अचानक लंगडणे, मांडीत किंवा गुडघ्यात दुखणे, हे तर पुढच्या तारखेची वाट न पाहता. किशोरवयात खुब्याचे टोक सरकलेले असू शकते. अमेरिकेत किडनीविकार असलेल्या पाचशेहून अधिक मुलांचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासात अशा मुलांची हाडे मोडण्याचे प्रमाण इतर मुलांच्या दोन ते तीन पट निघाले आणि पीटीएच जास्त असलेल्यांत धोका अधिक होता. हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी मात्र लहान मुलांत दरवेळी करण्याची शिफारस नाही.

झाशीहून लखनौचे एसजीपीजीआय रुग्णालय सुमारे ३०० किलोमीटर, दिल्लीचे एम्स ४०० च्या वर. एवढ्या लांब जाऊन ‘जुने रिपोर्ट घरी राहिले’ म्हणायची वेळ येऊ नये. शंभर पानी वहीत उभे रकाने आखावेत: तारीख, लॅब, उंची, वजन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि त्याशेजारी अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच, बायकार्बोनेट, ड जीवनसत्त्व एककासह, शेवटच्या रकान्यात त्या दिवशी चालू असलेली औषधे. ओपीडीतल्या पाच मिनिटांत डॉक्टरांना फायलीतले चाळीस कागद उलटायला लावण्यापेक्षा हे एक पान पुरते. पीटीएचसारखी तपासणी शक्यतो त्या मोठ्या रुग्णालयातच करावी, म्हणजे नळी आणि ऊन यांचा प्रश्नच उरत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन झाशीत.

किडनी प्रत्यारोपण झाल्यावर ही वही बंद करता येत नाही. नवी किडनी जोमाने काम करते, पण जुन्या दिवसांत चढलेले पीटीएच आणि एफजीएफ-२३ लगेच उतरत नाहीत. ती दोन्ही मिळून फॉस्फरस लघवीतून ढकलत राहतात आणि तो एकदम घसरतो. वर्षानुवर्षे दूध मोजून दिलेल्या आईला तेव्हा डॉक्टर उलटेच सांगतात: दूध द्या, पनीर द्या, आणि कधीकधी फॉस्फेटचे औषधही. सुरुवातीला आकडे स्थिरावेपर्यंत कॅल्शियम आणि फॉस्फरस निदान आठवड्याला एकदा तपासले जातात. स्टिरॉइड चालू असेल तर त्याचा हाडांवरचा परिणाम त्यात मिळवायचा. आणि क्रिएटिनिनचा हिशेब तोच, दरवेळी नव्याने मोजलेल्या उंचीने.